विश्लेषण : यंत्र थांबले, पुढे काय? ॲलन ट्युरिंग यांच्या आयुष्यातील ‘थांब्यां’ची गोष्ट

चालू असलेला प्रोग्राम मध्येच एखाद्या ओळीवर थांबवायचा, त्याच्या पोटात काय चालले आहे ते पाहायचे आणि पुन्हा सुरू करायचा, हे काम ‘डीबगर’ नावाचे साधन करते. सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्यांना ते रोजचे आहे. मात्र प्रोग्राम दिवसात हजार वेळा त्याच ओळीवर थांबत असेल, तर दर वेळी माणसाने समोर बसून बघायचे का? की थांबल्यावर काय करायचे ते यंत्रालाच आधी सांगून ठेवायचे? हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणारे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचे आयुष्य पाहिले, तर त्यांच्यासमोर तो वेगवेगळ्या रूपांत येत राहिलेला दिसतो.

डीबगर थांबतो म्हणजे नेमके काय होते?

समजा, तिकीट आरक्षणाच्या एका प्रोग्राममध्ये कधीतरी शिल्लक जागांचा आकडा उणे होतो. कधी होतो, ते कळत नाही. अशा वेळी प्रोग्रामर संशयित ओळीवर ‘ब्रेकपॉइंट’, म्हणजे थांबा, ठेवतो. डीबगर त्या जागी मूळ सूचनेऐवजी एक छोटी खास सूचना बसवतो. प्रोसेसर तिथे पोहोचला की ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्राम रोखून धरते आणि ताबा डीबगरकडे देते. त्या क्षणी प्रत्येक चलाची, म्हणजे व्हेरिएबलची, किंमत पाहता येते.

पण नऊशे नव्व्याण्णव वेळा आकडा बरोबर असतो आणि एकदाच चुकतो. प्रत्येक वेळी थांबून, आकडा वाचून, ‘पुढे चल’ म्हणणारा माणूस दोनशेव्या वेळेपर्यंत कंटाळतो आणि नेमकी चूक त्याच्या नजरेतून सुटते. म्हणून आजच्या डीबगरमध्ये थांब्याला कामांची यादी जोडता येते : अमुक अट खरी असेल तरच थांब, थांबल्यावर हे आकडे छाप आणि कोणाची वाट न पाहता पुन्हा सुरू हो. ही सोय साधी वाटते. तिच्यामागचा विचार मात्र संगणक जन्माला येण्याच्याही आधीपासूनचा आहे.

ट्युरिंग कोण होते?

ॲलन मॅथिसन ट्युरिंग यांचा जन्म 23 जून 1912 रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते आणि तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, आजच्या ओडिशातील छत्रपूर येथे त्यांची नेमणूक होती. आई एथेल सारा यांचा जन्म कोइंबतूरजवळच्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. मुलाचा जन्म इंग्लंडमध्ये व्हावा म्हणून दाम्पत्य मायदेशी गेले. नंतर वडील नोकरीवर परतले, आईचेही येणे-जाणे सुरू राहिले. ॲलन आणि त्यांचा थोरला भाऊ यांचे बालपण इंग्लंडच्या किनाऱ्यावर, एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडे गेले.

1926 मध्ये शेरबोर्न येथील शाळेचा पहिला दिवस होता आणि देशभर सार्वत्रिक संप सुरू होता. रेल्वे बंद. तेरा वर्षांच्या ॲलन यांनी साउदॅम्प्टनहून जवळपास 60 मैल सायकल चालवत शाळा गाठली. पुढे 1931 मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी तेथील फेलो म्हणून निवडले गेले.

1936 : जे यंत्र थांबतच नाही, त्याचे काय?

1936 मध्ये ट्युरिंग यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात एक काल्पनिक यंत्र होते. त्याच्याकडे एक लांबलचक फीत असते आणि ते तिच्यावरचे एक चिन्ह वाचते, नियमाप्रमाणे बदलते, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. माणूस कागदावर जे गणित करतो ते सगळे असे यंत्र करू शकते, असे त्यांनी दाखवले. योग्य सूचना दिल्या तर एकच यंत्र इतर कोणत्याही यंत्राचे काम करू शकते, हेही दाखवले. आजच्या संगणकाची कल्पना ती हीच.

त्याच निबंधात एक मर्यादाही होती. एखादे यंत्र अडकून पडेल की काम करत राहील, हे कोणत्याही यंत्राबाबत अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. हा प्रश्न पुढे थोड्या वेगळ्या मांडणीत ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ म्हणून ओळखला जाऊ लागला : दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की नाही? याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सगळ्या प्रोग्राममधल्या सगळ्या चुका आपोआप शोधणारे जादूचे साधन कधीच बनणार नाही. प्रोग्राम चालवून, अधेमधे थांबवून पाहणे कधी ना कधी भाग पडणारच.

1936 ते 1938 ही दोन वर्षे ट्युरिंग यांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे काढली, तिथे डॉक्टरेट मिळवली आणि ते केंब्रिजला परतले. तोवर युरोपवर युद्धाचे ढग जमले होते.

ब्लेचली पार्क : यंत्र थांबले, पण उत्तर खरे का?

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबर 1939 रोजी, ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त संकेतभेद केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याचे संदेश ‘एनिग्मा’ यंत्राने कूटबद्ध होत. त्यातील तीन फिरत्या चाकांच्या 26 गुणिले 26 गुणिले 26, म्हणजे 17,576 सुरुवातीच्या स्थिती होत्या. कोणती चाके कोणत्या क्रमाने बसवली, पुढच्या फळीवर कोणती अक्षरे तारांनी जोडली, हे वेगळेच. ही मांडणी रोज बदलत असे.

पोलंडच्या गणितज्ञांनी एनिग्मावर आधीच मोठी मजल मारली होती आणि जुलै 1939 मध्ये ते ज्ञान ब्रिटिशांच्या हाती दिले होते. त्यावर ट्युरिंग यांनी वेगळ्या तत्त्वाचे यंत्र आखले. त्याचे नाव ‘बॉम्ब’. नावापुरतेच, स्फोटाशी त्याचा संबंध नव्हता. लेचवर्थ येथील ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीत हॅरॉल्ड कीन यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले. पहिले यंत्र मार्च 1940 मध्ये आले. गॉर्डन वेल्चमन यांच्या सुधारणेमुळे पुढची यंत्रे कितीतरी प्रभावी ठरली.

या यंत्राची युक्ती अशी : संदेशात अमुक मजकूर असणार, उदाहरणार्थ हवामानाचा ठरावीक अहवाल, असा अंदाज आधी बांधायचा. त्या अंदाजावरून यंत्राच्या मागच्या तारा जोडायच्या. मग यंत्र एकामागून एक स्थिती तपासत जाते. जिथे तर्कात विसंगती येते ती स्थिती बाद. जिथे विसंगती सापडत नाही, तिथे यंत्र थांबते. या थांबण्याला तिथे ‘स्टॉप’ म्हणत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. स्टॉप म्हणजे उत्तर नव्हे. ही स्थिती अशक्य नाही, एवढेच तो सांगतो. बरेच स्टॉप निव्वळ योगायोगाने येत. यंत्रावर नौदलाच्या महिला दलातील तरुणी काम करत. युद्धाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारे 1,700 झाली होती. यंत्र थांबले की त्यांनी चाकांची स्थिती टिपून घ्यायची, ती तपासणीसाठी कळवायची, यंत्र पुन्हा सुरू करायचे. तपासणीत जर्मन भाषेसारखा मजकूर निघाला तर ठीक, नाही तर पुढचा स्टॉप. पाळ्या चोवीस तास चालत.

खोट्या स्टॉपचा खर्च वेळेत मोजला जाई आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा धोका असताना वेळ म्हणजे जहाजांवरचे जीव होते. म्हणून ट्युरिंग यांनी यंत्र चालवण्याआधीच हिशेब मांडला : अंदाजातून किती अक्षरे जोडली जातात, त्यांची किती वर्तुळे बनतात, त्यावरून साधारण किती स्टॉप येतील याचे कोष्टकच त्यांनी तयार केले. अंदाज कच्चा असेल तर यंत्र इतक्या वेळा थांबेल की उपयोग शून्य. आज अट न लावता ब्रेकपॉइंट ठेवणाऱ्याची जी गत होते, तीच.

थांबल्यानंतरचे काम यंत्राकडे कसे गेले?

पुढचे पाऊल ओघाने आले. ‘जंबो’ नावाच्या काही बॉम्ब यंत्रांना एक जादा भाग जोडला गेला. यंत्र थांबले की हा भाग त्या स्टॉपची आणखी एक चाचणी स्वतःच घेई आणि चाचणीत टिकलेले स्टॉप तेवढे कागदावर छापले जात. त्याला टोपणनाव पडले ‘मशीनगन’.

अमेरिकी नौदलाने ओहायोतील डेटन येथे, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, स्वतःचे बॉम्ब बांधायला घेतले. नोव्हेंबर 1942 मध्ये ट्युरिंग जहाजाने अमेरिकेला गेले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी डेटनला भेट देऊन आपला अहवाल लिहिला. चाकांच्या प्रत्येक संभाव्य क्रमासाठी एक, अशी 336 यंत्रांची मूळ योजना त्यांना गरजेपेक्षा फार मोठी वाटली. पुढे ती 96 वर आली. प्रत्यक्षात युद्ध संपेपर्यंत शंभरहून अधिक यंत्रे झाली.

ही अमेरिकी यंत्रे इतक्या वेगाने फिरत की स्टॉप सापडला तरी चाके जागच्या जागी थांबत नसत, पुढे निघून जात. म्हणून स्थिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लक्षात ठेवली जाई. यंत्र ब्रेक लावून थांबे, मागे फिरे, सापडलेली स्थिती छापे आणि पुन्हा सुरू होई. माणसाची वाट न पाहता थांबणे, नोंद करणे, पुढे जाणे : आजच्या डीबगरमधली यादी आणि हे काम यांत तत्त्वतः फरक नाही.

1949 : तपासायचे काय, ते आधी लिहा

युद्धानंतर ऑक्टोबर 1945 मध्ये ट्युरिंग लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले. ‘एस’ नावाच्या संगणकाचा सविस्तर आराखडा त्यांनी काही महिन्यांत लिहून काढला. पण यंत्र उभे राहायला विलंब होत गेला. याच काळात ते लांब पल्ल्याचे धावपटू म्हणून नावारूपाला आले. 1947 मध्ये त्यांनी मॅरेथॉन 2 तास 46 मिनिटांत पूर्ण केली. 1948 मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात आले. तिथे त्याच वर्षी 21 जून रोजी, मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाने काम सुरू केले होते.

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाचा ‘एडसॅक’ संगणक मे 1949 मध्ये सुरू झाला. यंत्रे चालू लागली आणि सर्वांच्या लक्षात आले की प्रोग्राम लिहिणे सोपे, बरोबर लिहिणे अवघड. पुढच्याच महिन्यात केंब्रिजला परिषद भरली. 24 जून रोजी, आपल्या 37 व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ट्युरिंग यांनी मोठा प्रोग्राम कसा तपासावा यावर छोटा निबंध वाचला.

त्यांनी उदाहरण दिले साध्या बेरजेचे. पाच मोठ्या संख्यांची उभी बेरीज कोणी फक्त अंतिम उत्तरासह दिली, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका दमात पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रांगेची बेरीज आणि हातचे वेगळे लिहून दिले, तर प्रत्येक रांग स्वतंत्रपणे तपासता येते. प्रोग्रामचेही तसेच करा, असे त्यांचे म्हणणे. ठरावीक जागी खुणा करा आणि प्रोग्राम इथे पोहोचेल तेव्हा अमुक घरात अमुक किंमत असलीच पाहिजे, असे विधान लिहून ठेवा. प्रत्येक विधान सुटे तपासा. सगळी पटली तर पूर्ण प्रोग्राम बरोबर. प्रोग्राम नक्की थांबेल याचीही खात्री वेगळी द्या. त्यासाठी सतत कमी होत जाणारी आणि शेवटी संपणारी एखादी राशी दाखवा.

1936 मध्ये सर्व प्रोग्रामसाठी अशक्य ठरवलेली गोष्ट एका विशिष्ट प्रोग्रामसाठी कशी करायची, हे त्यांनी तेरा वर्षांनी सांगितले. गंमत म्हणजे तपासणीवरचा हा निबंध छापताना त्यात इतक्या चुका झाल्या की तो वाचणे कठीण झाले. त्याचे दुरुस्त रूप 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर 1960 च्या दशकात रॉबर्ट फ्लॉइड आणि टोनी होअर यांनी हीच दिशा नव्याने मांडली होती.

मँचेस्टर : स्विचवर चालणारे थांबे आणि एक भोंगा

फेब्रुवारी 1951 मध्ये फेरांटी कंपनीने बांधलेला संगणक मँचेस्टरला आला. त्याची प्रोग्रामर-पुस्तिका ट्युरिंग यांनी लिहिली. या यंत्राची मेमरी काचेच्या नळ्यांच्या पडद्यावर उजळ ठिपक्यांच्या रूपात दिसे. प्रोग्राम थांबवायचा आणि पडद्यात डोकावून ठिपके वाचायचे, ही तिथली रीत. आकडे 32 च्या पायावर आणि उलट्या दिशेने लिहिलेले असत. ट्युरिंग यांना त्याचे काही वाटत नसे. इतरांना मात्र ते जड जाई.

या यंत्रात दोन सोयी लक्षणीय होत्या. पहिली, ऐच्छिक थांबा. थांबण्याची सूचना प्रोग्राममध्ये लिहून ठेवायची, पण ती पाळायची की नाही हे टेबलावरच्या स्विचने ठरवायचे. स्विच चालू असेल तर यंत्र थांबे, बंद असेल तर न थांबता पुढे जाई. प्रोग्राम न बदलता थांबे चालू-बंद करण्याची आजची सोय हीच. दुसरी, भोंगा. एका सूचनेने ध्वनिवर्धकात टिक् असा आवाज काढता येई. ती सूचना फेऱ्यात फिरवली की सूर निघे. विशिष्ट टप्पा आला की यंत्राने आवाज द्यावा, माणसाने पडद्याकडे टक लावून बसायची गरज नाही.

केंब्रिजमध्ये मात्र यंत्र थांबवून डोकावणे हा यंत्राच्या मौल्यवान वेळेचा अपव्यय मानला जाई. तेथील स्टॅन्ली गिल यांनी वेगळा मार्ग काढला. एक तपासनीस प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामची एकेक सूचना स्वतः चालवतो आणि काय झाले त्याची नोंद कागदावर छापत जातो. माणसाने ती नंतर निवांत वाचायची.

ही कल्पना ट्युरिंग यांनाही भावली. किंग्ज कॉलेजपासून ओळखीचे असलेले ख्रिस्तोफर स्ट्रेची तेव्हा हॅरो शाळेत शिक्षक होते. मँचेस्टरच्या यंत्राला स्वतःचीच नक्कल करायला लावून असाच माग घेणारा प्रोग्राम लिहावा, असे ट्युरिंग यांनी त्यांना सुचवले. स्ट्रेची सुमारे हजार सूचनांचा प्रोग्राम घेऊन आले. एवढा लांब प्रोग्राम त्या यंत्राने तोवर पाहिला नव्हता. एका रात्रीत तो चालू झाला आणि शेवटी भोंग्यावर ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजले.

अखेरची वर्षे

1952 च्या सुरुवातीला ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. पोलीस तपासात एका पुरुषाशी त्यांचे संबंध असल्याचे पुढे आले. समलैंगिकता तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होती. 31 मार्च 1952 रोजी ते दोषी ठरले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांनी वर्षभराचे संप्रेरक उपचार स्वीकारले. सरकारच्या गुप्त संकेतकामाचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. युद्धातील कामगिरी गोपनीय असल्याने त्यांच्या बाजूने ती कोणी जाहीरपणे सांगूही शकत नव्हते.

7 जून 1954 रोजी विल्मस्लो येथील घरी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. वय 41. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला; तो अपघात असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ब्लेचली पार्कचे काम 1970 च्या दशकात उघड होऊ लागले. 2009 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने माफी मागितली, 2013 मध्ये राजघराण्याकडून माफीनामा निघाला आणि 2021 मध्ये, त्यांच्या जन्मदिनी, त्यांचे चित्र असलेली 50 पौंडांची नोट चलनात आली.

आजच्या डीबगरमध्ये काय उरले आहे?

1986 मध्ये आलेला आणि आजही सर्रास वापरला जाणारा ‘जीडीबी’ हा डीबगर पाहा. त्यात ब्रेकपॉइंटला आदेशांची यादी जोडता येते : गाजावाजा न करता थांब, हा आकडा छाप, पुढे चल. ‘पुढे चल’ हा आदेश यादीत शेवटीच लिहावा लागतो. प्रोग्राम पुन्हा धावू लागला की त्याखालचे आदेश पाळले जात नाहीत. कोणत्याही कारणाने प्रोग्राम थांबला तरी ठरलेली कामे करण्याची सोयही त्यात आहे. ब्राउझरमधील डीबगरमध्ये, न थांबता फक्त नोंद करणारे ‘लॉगपॉइंट’ मिळतात.

तिकिटांच्या उदाहरणाकडे परत जाऊ. शिल्लक जागा शून्यापेक्षा कमी झाल्या तरच थांब, ही अट म्हणजे 1949 च्या निबंधातले विधान उलटे वाचले इतकेच. आकडे छापून पुढे जाणे म्हणजे डेटनच्या यंत्राचे काम. हवे तेव्हा थांबा बंद करणे म्हणजे मँचेस्टरचा स्विच.

धोकेही तेच आहेत. अट कच्ची असेल तर नोंदींचा ढीग पडतो आणि खरा स्टॉप त्यात हरवतो. शिवाय क्षणभर थांबल्यानेही प्रोग्रामचे वेळापत्रक बदलते. दोन कामे एकाच वेळी चालण्यातून येणारी चूक अशा वेळी गायबही होते. थांबल्यानंतर करायचे काम यंत्राकडे सोपवता येते. कुठे थांबायचे आणि तिथे काय खरे असायला हवे, हे मात्र प्रोग्राम सुरू होण्याआधी माणसालाच ठरवावे लागते. सर्व प्रोग्रामसाठी ते ठरवून देणारे यंत्र बनू शकत नाही, हे तर 1936 मध्येच सिद्ध झाले आहे.